घरमालकाचा त्रास: तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत? (धागा महाराष्ट्रापुरता)

निळी_शाई

पाणी तोडलं, कुलूप बदललं, रात्री अकराला दार वाजवून "घर कधी सोडताय" विचारलं. असे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर येतात आणि उत्तरं ठरलेली: पोलिसात जा, वकील गाठा, दुसरं घर बघा. त्यातून कोणालाच कळत नाही की सोमवारी सकाळी नेमकं कुठल्या दारात, काय लिहून जायचं. जाणकारांनी एका जागी लिहावं म्हणून हा धागा. अनुभवकथन नको, ते दुसरीकडे भरपूर झालं आहे. कलम, मुदत, कागद, आणि गाडी कुठे अडते तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. आधी स्वतःचा कागद काढून वाचा. 'लिव्ह अँड लायसन्स' असं लिहिलं असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी (फक्त राहायचा परवाना मिळालेले) आहात. पागडीचं घर, जुनी भाडेपावती किंवा भाडेपट्टा असेल तर भाडेकरू. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो. कोर्टात मात्र दोघांची दारं वेगळी असतात, आणि निम्मे अर्ज या एका गोंधळामुळे वाया जातात.

कलमदान

बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलंत.

भाडेकरूसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यातलं कलम २९ त्रासासाठीच आहे: घरमालकाने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, सबळ कारणाशिवाय, अत्यावश्यक सेवा तोडायची किंवा अडवून ठेवायची नाही. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळं त्यात येतं. याच कलमाचं एक स्पष्टीकरण बहुतेक लोक वाचतच नाहीत. मालकाने बिल थकवलं आणि त्यामुळे महापालिकेने किंवा वीज कंपनीने पुरवठा तोडला, तर तेही मालकानेच तोडल्यासारखं धरतात. "मी कुठे तोडलं, कंपनीने तोडलं" हा बचाव तिथे चालत नाही.

अर्ज कुठे? बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात. इतरत्र, जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे त्यात, नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. सेवा तातडीने सुरू करण्याचा अंतरिम हुकूम मागता येतो, तोही समोरच्याला ऐकण्याआधी. दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

लायसन्सीने मात्र डोळे झाकून कलम २९ खाली अर्ज टाकू नये. "अर्जदार भाडेकरूच नाही" एवढ्या एका वाक्यावर समोरचा वकील अर्ज अडकवतो. लायसन्सीचा पाया त्याचा करार. त्यावर दिवाणी दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज, मुंबईत तोही लघुवाद न्यायालयातच. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ सुद्धा मदतीला येतो. परवाना रद्द केला तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावाच लागतो (कलम ६३), आणि पैसे घेऊन दिलेल्या परवान्यातून मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागता येते (कलम ६४).

तळमजला

करार नोंदवलेलाच नसेल तर? मालक म्हणतो, ११ महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरे.

कलमदान

महाराष्ट्रात ही निव्वळ थाप आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची आणि न नोंदवल्याची शिक्षाही त्यालाच: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

म्हणून "करार नाही, आता आपलं काही चालणार नाही" असं समजून रातोरात सामान बांधू नका. भाड्याच्या बँक नोंदी, डिपॉझिटचा व्यवहार, त्या पत्त्यावरचं गॅस किंवा इंटरनेटचं बिल, पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती हे सगळं वास्तव्याचा पुरावा म्हणून चालतं.

आवक_जावक

पोलीस ठाण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. ठाणे अंमलदाराच्या तोंडी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." दर वेळी टाळाटाळच असते असं नाही. लोक अर्जच तसा लिहितात. "मालक मानसिक त्रास देतो, डिपॉझिट देत नाही, भाडं वाढवतो, मुदतीआधी काढतो" असं चार पानं लिहिलं की वाचणाऱ्याला त्यात पैशांचा वाद दिसतो. डिपॉझिट आणि भाडं या अर्जात आणूच नका. त्याला वेगळी नोटीस द्या.

अर्जात घडलेली कृती लिहा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, म्हणून ३४१, ५०६ हे जुन्या दंड संहितेचे आकडे विसरा. नेहमी लागतात ती कलमं अशी. स्वतःच्या घरात जाण्यापासून अडवलं तर १२६(२). परवानगीशिवाय, धमकावायच्या किंवा गुन्ह्याच्या हेतूने घरात शिरलं तर ३२९(४). मालकी त्याची असली तरी ताबा तुमचा असतो आणि हे कलम ताब्याचं आहे. घरातली वस्तू उचलून नेली तर ३०५. साधी धमकी ३५१(२), जिवे मारण्याची धमकी ३५१(३). चिथावणीखोर शिवीगाळ ३५२. कलम नाही लिहिलं तरी चालतं, कृती मात्र नेमकी हवी.

नमुना देतो, आपापले तपशील भरा:

"मी वरील पत्त्यावर दि. … च्या नोंदणीकृत करारानुसार राहतो. मुदत दि. … पर्यंत आहे. दि. … रोजी सायंकाळी ७.१० वाजता श्री. … यांनी माझ्या कुलपावर दुसरे कुलूप लावले व मला आत जाऊ दिले नाही. सोबत दोन अनोळखी इसम होते. श्री. … म्हणाले, '…'. घरात माझी औषधे, लॅपटॉप व कागदपत्रे आहेत. ७.२५ वाजता मी ११२ वर कॉल केला. शेजारी … यांनी हा प्रकार पाहिला आहे. माझी तक्रार नोंदवून प्रत मिळावी व मला घरात प्रवेश मिळावा, ही विनंती."

एक पान, फार तर सव्वा. समोरचा बोलला ते शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. "अश्लील शिवीगाळ केली" एवढ्यावर तपासाला धरायला काही राहत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का देत नाहीत? वाद घालू नका, तोच अर्ज त्याच दिवशी ठाण्याच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा.

माजघर

एनसी हातात ठेवून परत पाठवलं तर त्याचा उपयोग किती?

आवक_जावक

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम १७४). साधी धमकी तिथेच जाते. पण त्याच कलमात आहे की प्रकरणातला एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणून धमकीसोबत वाट अडवली असेल, घरात शिरला असेल, तर ते त्याच अर्जात आणि आधी लिहा. लोक नेमकं धमकीपासून सुरू करतात, वाचणारा तिथेच थांबतो आणि एनसी फाडतो.

दखलपात्र असूनही एफआयआर घेत नसतील तर पायऱ्या ठरलेल्या आहेत, कलम १७३(४). आधी पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना) लेखी, पोस्टाने. त्यावरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, शपथपत्रासह. मधली पायरी गाळून थेट दंडाधिकाऱ्याकडे गेलेले अर्ज परत येतात, तेव्हा त्या पत्राची पोस्टाची पावती जपा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर झीरो एफआयआर नोंदवता येतो. हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

एनसी अगदीच टाकाऊ नसते. एकाच माणसाविरुद्ध दोन-तीन साचल्या की शांतताभंगाची भीती दाखवून याच सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, लोक ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती, करण्याची विनंती करता येते. कार्यकारी दंडाधिकारी एक वर्षापर्यंतचं बंधपत्र घेऊ शकतो. बऱ्याच मालकांचा सूर त्या नोटिशीनेच उतरतो.

ओसरी

बाई एकटी राहत असेल तर वरची यादी अपुरी आहे. लैंगिक मागणी किंवा शेरे यांना कलम ७५, पाठलाग किंवा नको सांगूनही सतत मेसेज यांना ७८, लज्जा वाटेल असे शब्द, हावभाव यांना ७९. बाथरूम-बेडरूमकडे रोखलेला किंवा लपवलेला कॅमेरा सापडला तर ७७. कॅमेऱ्याला हात लावू नका, उपटून पुरावा म्हणून घेऊन जाऊ नका. जागेवरच फोटो काढा, खोली बंद करा, ११२ ला फोन करा आणि पोलिसांनी पंचनामा करून काढू द्या. या कलमांखाली स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, तशी मागणी करा. १८१ ही महिला हेल्पलाइन वेगळी.

वकिलाचा खर्च हा अडसर नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचं कार्यालय असतं, फोन १५१००. आणि त्रास जातीवरून असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहा, उच्चारलेले शब्द लिहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, त्यामुळे सुरुवातीलाच लिहिणं महत्त्वाचं.

तळमजला

मालक असा वागत असेल तर भाडं बंद करणं हाच सोपा उपाय वाटतो. पाणीच नाही तर पैसे कशाचे?

कलमदान

नको. कृपा करून नको. या एका चुकीने चांगली प्रकरणं बुडतात. भाडं थांबलं की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही थकबाकीदार आणि "सबळ कारण" मालकाच्या हातात.

मालक मुद्दाम भाडं घेत नसेल (हाही एक डाव असतो, पुढे थकबाकी दाखवायची) तर बँकेतून ठरल्या तारखेला पाठवा, शेऱ्यात महिना लिहा. खातं बदललं किंवा पैसे परत पाठवले तर लगेच लेखी कळवा: "अमुक महिन्याचं भाडं द्यायला तयार आहे, खातं कळवा." भाडेकरूच्या बाबतीत भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ हेच सांगतं. जो भाडं देतो किंवा द्यायला तयार आणि राजी आहे, त्याला थकबाकीच्या कारणाने काढता येत नाही. थकबाकीची नोटीस आल्यावर ९० दिवस असतात. दावा दाखल झालाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरून दावा थोपवता येतो.

भाड्यातून कापून घ्यायचा एकच सरळ रस्ता भाडेकरूला आहे: दुरुस्ती. कलम १४ खाली किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतर वाजवी वेळेत मालकाने केली नाही तर स्वतः करून घ्यायची आणि खर्च वळता करायचा. वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, आणि करारात उलट काही ठरलेलं नसेल तरच. नोटीस न देता आधी दुरुस्ती, मग कपात, असं केलं की ती कपातच थकबाकी ठरते.

वायरमन

विजेचं वेगळं लिहितो. मीटर मालकाच्या नावावर आणि तो कायमचा बंद करायचा अर्ज देतोय, असं कानावर आलं तर वाट पाहू नका. वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात त्याच दिवशी लेखी द्या की या ग्राहक क्रमांकाच्या जागेत मी राहतो, करार जोडला आहे, माझ्या माघारी पुरवठा तोडू नये. ईमेलही करा.

वीज कायदा, २००३ चं कलम ४३ मालक आणि राहणारा असे दोघांनाही जोडणी मागायचा हक्क देतं. पूर्ण अर्ज आल्यावर एका महिन्यात पुरवठा द्यायचा. काउंटरवर मालकाची ना हरकत मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटलं आहे की मालक ना हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच कंपनीने पाहायचं. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडा. तरी अडवलं तर नकार लेखी मागा आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा.

थकबाकीसाठी तोडायचं तर कंपनीला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते (कलम ५६). ती मालकाच्या नावाने येते आणि तो ती खिशात घालतो. ग्राहक क्रमांक माहीत असेल तर बिल ऑनलाइन दिसतं, दर महिन्याला बघत जा.

आणि मालकाने फ्यूज काढून नेला म्हणून स्वतः मीटरला हात लावू नका. सील तुटलेलं सापडलं तर वीजचोरीचं प्रकरण तुमच्यावरच.

माजघर

पुराव्याचं कोणी लिहिलं नाही अजून. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट चालतात ना?

निळी_शाई

पोलिसांना दाखवायला चालतात, कोर्टात नुसते स्क्रीनशॉट तोकडे पडतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) त्यात लिहायचं असतं. म्हणजे मूळ फोन, मूळ फाइल हवी. रेकॉर्डिंग कापून 'महत्त्वाचा भाग' तेवढा ठेवला की हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. पूर्ण फाइल ठेवा, नाव बदलू नका, फोन विकू नका, गप्पा पुसून जाण्याची सेटिंग बंद करा.

त्याखेरीज एक वही. तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं. पाणी बंद असेल तर रोज एक व्हिडिओ: आधी आपला कोरडा नळ, मग त्याच टाकीवरचा शेजाऱ्याचा किंवा सामायिक नळ सुरू असलेला, मग बंद केलेला व्हॉल्व्ह. नुसता कोरडा नळ दाखवला तर "सगळीकडेच पाणी नव्हतं" हे उत्तर तयार असतं.

नोटीस पाठवताना: रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, आणि तोच मजकूर व्हॉट्सअॅप व ईमेलवर. पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्याने परत आलं तर उघडू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोहोचली असं कायदा गृहीत धरतो आणि ते बंद पाकीट हाच तुमचा पुरावा.

ओसरी

सामान बाहेर काढून कुलूप घातलंच तर?

कलमदान

घड्याळ लगेच सुरू होतं. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६: कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा. इथे मालकी कोणाची हे पाहत नाहीत, आधी ताबा होता आणि तो बेकायदा गेला, एवढंच. सहा महिने उलटले की हा दरवाजा बंद. लायसन्सीच्या बाबतीत "याचा ताबाच नव्हता, नुसती परवानगी होती" असा मुद्दा येणारच. म्हणून दाव्यात करारभंग आणि भरपाईही मागून ठेवावी.

बाहेर काढायची नुसती भीती असेल तर आधीच मनाई हुकूम मागा. एकतर्फी मिळाला तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला दाव्याच्या प्रती पाठवून तसं प्रतिज्ञापत्र घालावं लागतं. हे राहून जातं आणि हुकूम उठतो. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आणि मालमत्तेची जप्ती होऊ शकते. मालकच आधी कोर्टात जाईल असं वाटत असेल तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा कोर्टाला अर्ज) टाकून ठेवा, ९० दिवस चालतं.

आणि एक कडू गोष्ट. लायसन्सची मुदत संपल्यावर त्रासाचं कारण सांगून बसून राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने रक्कम लागते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर प्रकरण तिथेच संपतं. "माझी तक्रार पोलिसात आहे" हे तिथे उत्तर नाही.

जिना_क्रमांक_दोन

सोसायटीचे लोक त्रास देत असतील, मालक चांगला असेल, तर? लिफ्टचं कार्ड बंद, पार्किंग बंद, "बॅचलर चालणार नाहीत".

आवक_जावक

मग मालकाला पुढे करा. सभासद तो आहे, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे त्याच्या अर्जाला वजन. तुम्ही त्याला लेखी कळवा, त्याने सोसायटीला लेखी विचारावं: कोणत्या उपविधीखाली, कोणत्या ठरावाने? ठरावाची प्रत मागितली की निम्म्या वेळा ठरावच नसतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. त्याहून जास्त किंवा भाडेकरूकडून वेगळी 'देणगी' मागत असतील तर तेही त्याच अर्जात. वॉचमनने वाट अडवली, कोणी अंगावर आलं, तर ते सोसायटीचं प्रकरण राहत नाही. ती तक्रार तुम्ही स्वतः ठाण्यात द्यायची.

जिना_क्रमांक_दोन

आभार. पागडीवाल्यांसाठी मीच भर घालतो: मुद्दाम दुरुस्ती टाळून इमारत धोकादायक ठरवायची, हा तिथला सगळ्यात जुना त्रास. मुंबईत महापालिकेची कलम ३५४ ची नोटीस लागली तर घर रिकामं करण्यापूर्वी भाडेकरूंच्या यादीत आपलं नाव आणि चटईक्षेत्र नोंदवल्याचा महापालिकेचा दाखला हातात घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. पण किती चौरस फुटांचा हक्क, हे पाडल्यावर सिद्ध करणं महाकठीण. खोल्यांची मापं टेप लावलेल्या फोटोंसह घ्या, माळा आणि गॅलरीसकट.

तळमजला

शेवटचा प्रश्न. सगळं नको झालं, सोडूनच जायचं ठरवलं, तर डिपॉझिट अडकू नये म्हणून काय?

निळी_शाई

करारातल्या नोटीस मुदतीप्रमाणे लेखी नोटीस, निघायची तारीख टाकून. त्या दिवशी रिकाम्या घराचा सलग एक व्हिडिओ: भिंती, नळ, मीटरचं रीडिंग, कपाटांच्या आतून. चावी दोन ओळींच्या पावतीवरच द्यायची: "आज दि. … रोजी रिकाम्या घराचा शांततापूर्ण ताबा व … चाव्या मिळाल्या. डिपॉझिट रु. … परत देणे आहे." सही देत नसेल तर चावी वॉचमनकडे ठेवू नका, पोस्टाच्या पाकिटातही घालू नका. "चावी द्यायला अमुक वेळी दारात थांबलो होतो, परत कधी येऊ" असा मेसेज लगेच टाका, आणि मग चावी वकिलाच्या नोटिशीसोबत हातात, पोच घेऊन. डिपॉझिटच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावता येतो. भिंतीच्या रंगाचे पैसे कापले असतील तर आधी करारातला रंगाचा मुद्दा शोधा, तो बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतो.